बळींचे स्मारक सोपे, संघटनेचे अवघड

वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लेअर माउंटनवर १९२१ च्या ऑगस्टअखेरीस सुमारे दहा हजार कोळसा खाणकामगार बंदुका घेऊन चालून गेले. यादवी युद्धानंतर अमेरिकेत झालेला हा सर्वांत मोठा सशस्त्र उठाव. शंभर वर्षे उलटून गेली, तरी त्याचे स्मरण करावे की नाही आणि केले तर कशाचे, हा वाद मिटलेला नाही. एक बाजू त्या कामगारांसारखाच गळ्यात लाल रुमाल बांधून त्यांना लढवय्ये म्हणते. दुसरी बाजू राज्यद्रोहाच्या खटल्यांकडे बोट दाखवते आणि विचारते, सशस्त्र जमावाची जयंती साजरी करणारे लोक उद्या कोणत्या तोंडाने कायद्याची भाषा बोलणार? शताब्दीच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या संसदभवनावर हल्ला झाला आणि या प्रश्नाला धार आली. मला हा वादच चुकीच्या जागी उभा राहिलेला दिसतो. दोन्ही बाजू त्या चार-पाच दिवसांच्या गोळीबारात अडकून पडल्या आहेत. त्या डोंगराकडे निघालेली माणसे लढाई करायला घरातून निघाली नव्हती, त्यांना युनियन हवी होती. स्मरण व्हायला हवे ते त्या युनियनच्या धडपडीचे. आणि नेमके तेच आपल्याला जड जाते, कारण मेलेल्या कामगाराला आठवायला समाज नेहमी तयार असतो; संघटित झालेल्या कामगाराला आठवायची वेळ आली की त्याला हरकती सुचू लागतात.

याच राज्यातली दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहा. ६ डिसेंबर १९०७ रोजी मोनोन्गाच्या खाणीत स्फोट झाला आणि अधिकृत आकड्यानुसार ३६२ माणसे मेली. अमेरिकेच्या इतिहासातला हा सर्वांत भीषण खाण अपघात. त्या गावात मृतांच्या विधवांचे स्मरण म्हणून एका स्त्रीचा पुतळा उभा आहे. त्याला कोणी आक्षेप घेतलेला नाही, घेऊही नये. आता दुसरे. १९३० च्या दशकात सरकारी योजनेतून प्रत्येक राज्याची माहितीपुस्तके लिहिली जात होती, तेव्हा वेस्ट व्हर्जिनियाचे गव्हर्नर होमर होल्ट यांनी आपल्या राज्याच्या पुस्तकातल्या कामगार लढ्यांच्या मजकुराला विरोध केला. होल्ट पदावरून गेल्यावर, १९४१ मध्ये, ते पुस्तक बाहेर आले. खुद्द ब्लेअर माउंटनचे रणक्षेत्र २००९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आले आणि काही महिन्यांत यादीतून काढले गेले. जमीनमालकांपैकी बहुसंख्यांची हरकत आहे, असे कारण दिले गेले. पुढे छाननीत हरकत घेणाऱ्यांत मृत माणसांचीही नावे निघाली. डोंगरावर कोळसा कंपन्यांचे हक्क होते आणि त्यांना माथा फोडून कोळसा काढायचा होता. २०१६ मध्ये संघीय न्यायालयाने यादीतून काढणे चुकीचे ठरवले आणि २०१८ मध्ये डोंगर पुन्हा यादीत आला. स्फोटात मेलेल्यांसाठी पुतळा बिनविरोध उभा राहतो आणि संघटना उभारणाऱ्यांच्या डोंगराला नऊ वर्षे भांडावे लागते. हा फरक का पडतो? बळी गेलेला माणूस काही मागत नाही. त्याच्याबद्दल हळहळ वाटते, फूल वाहिले की कर्तव्य संपते. संघटित माणूस मात्र मजुरी कशी ठरते, वजन कोण करतो, धोक्याची खाण कोण बंद करतो, असे प्रश्न विचारतो, आणि हे प्रश्न आजच्या मालकालाही लागू पडतात.

त्या खोऱ्यांत जगणे कसे होते, हे या वादात सहसा कोणी बोलतच नाही. दक्षिण वेस्ट व्हर्जिनियातले बहुसंख्य खाणकामगार कंपनीच्या घरात राहत. घराचा हक्क नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की छप्पर गेले, आणि न्यायालये त्याला भाडेकरूसुद्धा मानत नसत. मजुरीचा मोठा भाग अनेक ठिकाणी कंपनीच्या स्वतःच्या नाण्यांत मिळे आणि ती नाणी चालत कंपनीच्याच दुकानात, कंपनी ठरवेल त्या भावाने. मजुरी दर टनामागे, आणि टन मोजणार कंपनीचा माणूस. खाणीतल्या गाडीची कड वाढवून तिच्यात जास्त कोळसा भरून घ्यायचा आणि पैसे मात्र जुन्या मापाने द्यायचे, दगड निघाला म्हणून आणखी कापायचे. ज्याचा ऊस कधी कारखान्याच्या काट्यावर गेला आहे त्याला काटामारी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पेंट क्रीक आणि केबिन क्रीक या खोऱ्यांत १९१२ मध्ये संप झाला, तेव्हाच्या मागण्या वाचल्या की मन थक्क होते, इतक्या त्या साध्या आहेत: युनियनमध्ये जाण्याचा हक्क, वजनकाट्यावर कामगारांनी निवडलेला माणूस, मजुरी रोख रकमेत, सामान हवे तिथून घेण्याची मुभा आणि कंपनीच्या खासगी बंदूकधारी पहारेकऱ्यांना निरोप. यात क्रांती कुठे आहे? त्या संपाला उत्तर म्हणून फेब्रुवारी १९१३ मध्ये चिलखती आगगाडीतून होली ग्रोव्हच्या तंबूंवर मशीनगन चालवली गेली. तंबूंत बायकामुले झोपलेली होती.

या सगळ्याच्या वर कायद्याचे झाकण होते. अनेक खाणमालक नोकरी देतानाच युनियनमध्ये जाणार नाही असा करार लिहून घेत, आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियातल्याच हिचमन कोळसा कंपनीच्या खटल्यात असे करार उचलून धरले; असा करार केलेल्या कामगारांना युनियनमध्ये येण्यासाठी समजावणे हेसुद्धा मनाईहुकमाने रोखता येईल असे ठरले. ब्लेअर माउंटन ज्या लोगन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतो तिथला शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, डॉन चाफिन. त्याच्या शिपायांचा पगार खाणमालकांची संघटना देत होती, आणि ही गोष्ट सेनेटच्या चौकशीत मालकपक्षानेही नाकारली नाही. युनियनचा माणूस लोगनच्या स्टेशनवर उतरला तर त्याला तिथूनच परत पाठवत किंवा बडवत. म्हणजे मालकांना संघटना चालत होती, तिने पोलीस पोसलेले चालत होते. कामगारांची संघटना तेवढी गुन्हा होती. मग १९ मे १९२० रोजी मेटवान गावात बाल्डविन-फेल्ट्स या खासगी गुप्तहेर कंपनीची माणसे युनियनमध्ये गेलेल्या कामगारांची कुटुंबे घराबाहेर काढायला आली. गावचा पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड आणि महापौर टेस्टरमन यांनी त्यांना अडवले. गोळीबारात दहा जण मेले: कंपनीची सात माणसे, दोन खाणकामगार आणि महापौर. हॅटफिल्डला स्थानिक ज्यूरीने निर्दोष सोडले. १ ऑगस्ट १९२१ रोजी तो आणि त्याचा मित्र एड चेंबर्स दुसऱ्या एका खटल्यासाठी, हातात शस्त्र न घेता, बायकांसह वेल्चच्या न्यायालयाच्या पायऱ्या चढत असताना त्याच खासगी कंपनीच्या माणसांनी त्यांना गोळ्या घातल्या. न्यायालयाच्या पायरीवर, दिवसाढवळ्या. शिक्षा कोणालाही झाली नाही.

त्यानंतर माणसे जमू लागली. मार्मेटजवळून निघालेला जमाव लोगन ओलांडून मिंगो काउंटीत जाणार होता, जिथे लष्करी कायदा लावून युनियनच्या लोकांना तुरुंगात डांबले होते. त्यांत गोरे होते, काळे होते, इटलीहून आणि हंगेरीहून आलेले होते; नुकतेच फ्रान्सच्या खंदकांतून परतलेले सैनिकही होते. त्या काळच्या अमेरिकेत हे दृश्य किती दुर्मीळ होते याची कल्पना करावी. चाफिनने ब्लेअर माउंटनच्या कडेने सुमारे तीन हजार माणसे बसवली, भाड्याच्या विमानांतून घरगुती बॉम्ब टाकले. शेवटी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी सैन्य पाठवले. मृतांचा आकडा आजही पक्का नाही. जवळजवळ हजार लोकांवर आरोपपत्रे ठेवली गेली, काहींवर राज्यद्रोहाची. पुढारी म्हणून पकडलेल्या बिल ब्लिझर्डचा खटला १९२२ मध्ये चार्ल्स टाउनच्या त्याच न्यायालयात चालला जिथे १८५९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनला फाशी सुनावली होती. ब्लिझर्ड सुटला.

आता विरोधी बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे घेऊ. रक्त दोन्ही बाजूंनी सांडले. डोंगरावर कामगारांच्या एका तुकडीने शेरीफचे लोक ठार मारले आणि त्या तुकडीचा नेता खाणीत काम करणारा धर्मोपदेशक होता. मेलेल्या शिपायांनाही घरे होती. मदर जोन्स ही खाणकामगारांची लाडकी म्हातारी, जन्मभर त्यांच्यासाठी तुरुंगात गेलेली. तिने स्वतः हा मोर्चा थांबवायचा प्रयत्न केला, इतका की हार्डिंग यांची म्हणून एक तार वाचून दाखवली आणि ती खोटी निघाली. तिला समोर नरसंहार दिसत होता. तिची भीती अवाजवी नव्हती. म्हणून बंदुकीची आरती ओवाळणारे स्मरण मलाही नको. पण शस्त्र उचलले गेले म्हणून सगळा लढाच स्मरणातून बाद, हा न्याय आपण कुठे लावतो? मुंबईत फ्लोरा फाउंटनला जाऊन पाहा. तिथे शेतकरी आणि कामगार मिळून मशाल धरून उभे आहेत. संयुक्त महाराष्ट्रासाठी पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेले शंभरहून अधिक लोक त्या दिवसांत सरकारच्या लेखी दंगलखोर होते. दगडफेक झाली होती, जाळपोळ झाली होती, हे कोणी नाकारत नाही. तरी त्याच राज्यसंस्थेने पुढे त्या चौकाला हुतात्मा चौक नाव दिले आणि दरवर्षी मुख्यमंत्री तिथे नमस्कार करतात. आपण तिथे दगडाला नमस्कार करत नाही, त्या मागणीला करतो. मागणी न्याय्य होती आणि ती मांडण्याचे रस्ते बंद केले गेले होते, हे आपण मान्य केले, म्हणून तो चौक उभा आहे.

संसदभवनावरच्या हल्ल्याशी केलेली तुलना तर इथेच कोसळते. २०२१ च्या जानेवारीत चालून गेलेल्यांना झालेले मतदान उलटवायचे होते. देशात चालू असलेला कायदा त्यांना थांबवायचा होता. १९२१ चे कामगार उलट गोष्ट मागत होते: जो कायदा देशात आहे तो लोगनमध्येही चालू द्या. सभा भरवण्याचा, बोलण्याचा, संघटना करण्याचा जो हक्क राज्यघटना देते तो खाणमालकांच्या कुंपणाशी येऊन का थांबतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आणि याचा पुरावा त्यांच्या वागण्यात आहे. शेरीफच्या मशीनगनसमोर न हटलेली ही माणसे संघीय सैन्य दिसताच थांबली. त्यांनी सैन्यावर गोळी झाडली नाही. बऱ्याच जणांनी बंदुका दिल्या किंवा लपवल्या आणि घरची वाट धरली. ज्याला राज्य उलथवायचे असते तो राज्याचे सैन्य आल्यावर असे वागतो का?

कायदेशीर मार्गाने जायला हवे होते, असे म्हणणाऱ्यांनी त्याच १९२१ साली आपल्याकडे काय चालले होते तेही पाहावे. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी मद्रास लेबर युनियनच्या पुढाऱ्यांवर उच्च न्यायालयात दावा लावला आणि मनाईहुकूम मिळवला. कामगारांना संपासाठी उद्युक्त करणे हे करारभंगाला चिथावणी देणे आहे, म्हणून नुकसानभरपाई द्या, असा तो दावा. युनियनचे अध्यक्ष बी. पी. वाडिया यांना अखेर युनियनशी संबंध सोडण्याचे कबूल करावे लागले. हिचमन खटल्याचा तर्क आणि हा तर्क यांत काय अंतर आहे? दोन खंड, दोन राजवटी, पण न्यायालयांना कामगारांचे एकत्र येणे हे कटकारस्थानच दिसत होते. हे पाहून कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी मार्च १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला, की कामगार संघटनांची नोंदणी आणि संरक्षण करणारा कायदा करा. तो कायदा व्हायला १९२६ उजाडले. आज नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्याला संपाबद्दल कटाचा आरोप किंवा भरपाईचा दावा यांपासून जे संरक्षण मिळत आले, त्याचे मूळ तिथे आहे. जोशींनी बंदूक उचलली नाही, कारण त्यांना ठराव मांडायला एक सभागृह तरी मिळाले होते, कितीही अपुरे असले तरी. लोगनच्या खाणकामगाराला सभा घ्यायला गावचे मैदानही मिळत नव्हते, कारण मैदानही कंपनीचेच होते. जोशींचे सोशल सर्व्हिस लीगशी, आयटक या देशव्यापी कामगार संघटनेच्या स्थापनेशी जोडलेले नाव लोअर परळच्या रस्त्याला आहे; त्या ठरावाची गोष्ट मात्र आपल्या शालेय पुस्तकांत शोधून सापडत नाही. संघटनेचे स्मरण अवघड जाते ते फक्त अमेरिकेत नव्हे.

दुसरी हरकत अशी, की हा लढा तर हरला. हे खरे आहे. मोर्चानंतर युनियन त्या भागात कोसळली. दक्षिणेकडच्या खोऱ्यांत हजारो सभासद गळाले, पुढारी खटल्यांत बुडाले, फ्रँक कीनी नावाचा जिल्हाध्यक्ष, ज्याने हे सगळे उभे केले, तो स्वतःच्याच संघटनेतून बाहेर फेकला गेला. दहा-बारा वर्षे काळोख होता. पण १९३२ च्या कायद्याने युनियनमध्ये न जाण्याचे ते करार निरुपयोगी ठरवले, १९३३ च्या कायद्याने संघटित होण्याचा हक्क कागदावर आणला आणि मग काय झाले? जी खोरी अजिंक्य वाटत होती ती काही महिन्यांत युनियनमध्ये आली. वॉशिंग्टनमध्ये सही झाली म्हणून लोगनमध्ये आपोआप सभासदत्वाच्या पावत्या फाटत नाहीत. कायदा आला तेव्हा काय मागायचे, कोणावर विश्वास ठेवायचा, सभा कशी चालवायची हे माहीत असलेली माणसे त्या छावण्यांत होती. पुढे नोव्हेंबर १९६८ मध्ये फार्मिंग्टनच्या खाणीत ७८ जण मेले. त्यानंतर फेब्रुवारी १९६९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचे सुमारे चाळीस हजार खाणकामगार, आपल्या युनियनच्या नेतृत्वाची परवानगी न विचारता, कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाची भरपाई मागत कामावरून बाहेर पडले. राज्याला कायदा करावा लागला आणि त्याच वर्षी केंद्राचा खाण सुरक्षा कायदा आला. मोनोन्गाचे ३६२ मृत्यू आणि फार्मिंग्टनचे ७८, दोन्हींचे दुःख सारखेच. फरक इतकाच पडला की १९६९ मध्ये त्या दुःखाला हात-पाय होते.

तिसरी हरकत मला सर्वांत गंभीर वाटते आणि कामगार चळवळीतले लोक तिला टाळतात. ज्या युनियनसाठी एवढे झाले ती पुढे काय झाली? खाण कामगार युनियनचा अध्यक्ष टोनी बॉयल याने आपल्या विरोधात निवडणूक लढवणाऱ्या जोसेफ याब्लोन्स्की यांचा १९६९ च्या शेवटच्या दिवशी खून करवला. त्यांची पत्नी आणि मुलगीही मारली गेली. बॉयलला त्यासाठी शिक्षा झाली. त्याच्या आधी जॉन लुइस यांच्यासारख्या बलाढ्य नेत्याने यंत्रे आणायला मान्यता दिली आणि अ‍ॅपलाचियातली गावे रिकामी झाली. हे लपवणारे स्मारक खोटे ठरेल. पण बॉयलला हटवले कोणी? पोलिसांनी त्याला तुरुंगात घातले. युनियनमधून त्याला काढले खाणकामगारांनी, १९७२ च्या निवडणुकीत, आणि त्याच्या जागी ‘काळ्या फुप्फुसां’च्या, म्हणजे त्या धुळीच्या रोगाविरुद्धच्या, आंदोलनातून आलेला वेस्ट व्हर्जिनियाचाच आर्नल्ड मिलर निवडून दिला. संघटना सडू शकते. सडलेली संघटना दुरुस्त करायलाही तिच्या आतला कामगारच लागतो.

आपल्याकडे हीच हरकत एका वाक्यात येते: युनियनने गिरण्या बुडवल्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप आजही कोणत्याही संघटनेविरुद्धचा शेवटचा युक्तिवाद म्हणून पुढे केला जातो. त्या संपातल्या चुकांवर, दत्ता सामंतांच्या आडमुठेपणावर, बोलायला हवेच; गिरणगावाची जी राखरांगोळी झाली ती मी हलकी मानत नाही. पण एक गोष्ट नेहमी गाळली जाते. मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार गिरणी कामगारांचा प्रतिनिधी म्हणून एकाच संघाला मान्यता होती. कामगार त्या संघावर विश्वास ठेवत नव्हते, पण त्याला बदलण्याचा साधा, गुप्त मतदानाचा रस्ता त्यांच्याकडे नव्हता. त्या संघाची मान्यता काढा आणि तो कायदा बदला, ही मागणी पगारवाढीइतकीच ठाम होती. म्हणजे १९८२ च्या संपाच्या गाभ्याशीसुद्धा आपली संघटना आपण निवडू हेच म्हणणे होते. ज्या संपाचा धडा ‘संघटना वाईट’ असा शिकवला जातो, तो संघटना निवडण्याच्या हक्कासाठी झाला होता. मग धडा उलटा वाचला गेला की नाही?

चौथी हरकत नव्या काळाची आहे. कोळसा पृथ्वी तापवतो, मग कोळशाशी जोडलेले काहीही गौरवायचे कशाला? आणि तिच्या उलट बाजूला गावकऱ्यांची अडचण: डोंगर जपला तर उरलेली कामेही जातील. दोन्ही म्हणणी मनापासून केलेली आहेत. पण खाणकामगाराचे स्मारक म्हणजे कोळशाचे स्मारक नव्हे, आणि हे त्या डोंगराने स्वतः दाखवून दिले. जून २०११ मध्ये शेकडो लोक मार्मेटपासून ब्लेअरपर्यंत चालत गेले; त्यांत पर्यावरणवादी होते आणि खाणकामगारांची मुले-नातवंडेही होती. डोंगराचा माथा फोडणाऱ्या पद्धतीने नदीनाले तर बुजवलेच, पण थोड्या यंत्रांनी जास्त कोळसा काढून रोजगारही कमी केला. आणि संघटना नसलेल्या खाणीचे काय होते हे बघायला फार लांब जावे लागत नाही. ५ एप्रिल २०१० रोजी जवळच्या रॅले काउंटीत अपर बिग ब्रँच खाणीत स्फोट होऊन २९ जण मेले. ती खाण युनियनविना होती. ब्लेअर माउंटनवर हक्क असलेल्या कंपन्यांपैकीच एका कंपनीची. हवा खेळती नव्हती, कोळशाची भुकटी साफ केली जात नव्हती, निरीक्षक आत येण्याची खबर आधीच खाली पोहोचवली जाई. त्या कंपनीचा प्रमुख सुरक्षा नियम मोडण्याच्या कटासाठी दोषी ठरला आणि एक वर्ष तुरुंगात गेला. युनियनच्या खाणीत सुरक्षा समिती असते आणि धोका दिसला तर माणसे बाहेर काढण्याचा तिला करारानेच अधिकार असतो. एकटा खाणकामगार असे म्हणाला तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम जाते.

हे सगळे मराठी वाचकाने का वाचावे? एक कारण बाबासाहेब आंबेडकर. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते त्यांच्याकडे असताना डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले आणि खाणीत उतरून पाहणी केली. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाणकामगारांच्या कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९४३ मध्ये, त्यांनी दुसरे विधेयक मांडले होते: प्रातिनिधिक युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे. कल्याण निधी कायदा झाला. मान्यतेचे विधेयक बारगळले. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूर झाली तर ती कधी लागूच केली गेली नाही. कामगारासाठी दवाखाना द्यायला राज्य आणि मालक दोघेही कबूल होतात; त्याच्या संघटनेला समोरच्या खुर्चीवर बसवायची वेळ आली की कागद अडतो. १९३८ मध्ये मुंबईत औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाला विरोध करताना याच बाबासाहेबांनी संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्याच हक्काचा भाग असल्याचे सांगितले होते आणि ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप केला होता. मान्यतेची तरतूद केंद्रीय कायद्यात यायला २०२० ची औद्योगिक संबंध संहिता लागली, आणि त्याच संहितेने कोणत्याही आस्थापनेत संपाआधी किमान चौदा दिवसांची नोटीस सक्तीची केली.

दुसरे कारण वर्धा खोऱ्यातले. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यात कोळसा आहे आणि आज तो बव्हंशी खुल्या खाणींतून निघतो. राष्ट्रीय कोळसा वेतन कराराच्या बोलण्यांत साधारण पाच वर्षांनी मालक आणि मान्यताप्राप्त संघटना समोरासमोर बसतात. २०२३ मध्ये अकरावा करार झाला. तो कायम कामगारांचा. पण माती-दगड उपसण्याचे प्रचंड काम ठेकेदारांकडे आहे आणि तिथला चालक, फिटर, हेल्पर त्या करारात नाही. त्याने युनियन काढली तर खाणीची कंपनी म्हणते, हा आमचा कामगारच नाही. ठेकेदार म्हणतो, माझा ठेका पुढच्या वर्षी संपतो. १९२१ च्या शताब्दीला अमेरिकन खाण कामगार युनियनचे तेव्हाचे अध्यक्ष सेसिल रॉबर्ट्स, जे बिल ब्लिझर्डच्या नात्यातले, मार्मेटहून ब्लेअरच्या वाटेने चालले. त्याच वेळी अलाबामातल्या ब्रुकवुडमध्ये हजाराहून अधिक खाणकामगार संपावर होते आणि तो संप जवळजवळ दोन वर्षे चालून करार न होताच संपला. तीन वर्षे आधी, २०१८ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियाच्या सर्व ५५ काउंट्यांतले शिक्षक, संप बेकायदा ठरवला जाऊनही, लाल रुमाल बांधून बाहेर पडले आणि पाच टक्के पगारवाढ घेऊनच वर्गात परतले. त्यांना तो रुमाल आठवला, कारण मेटवानमध्ये काही लोकांनी २०१५ मध्ये स्वतः वर्गणी आणि मेहनतीने एक छोटे संग्रहालय उघडले होते आणि घराघरांत ती गोष्ट जिवंत ठेवली होती. म्हणून ब्लेअरच्या पायथ्याशी फलक लावायचा असेल तर त्यावर दोन्ही बाजूंच्या मृतांची नावे असावीत आणि त्यांच्या वर १९१२ च्या त्या मागण्या जशाच्या तशा असाव्यात, वजनकाट्यावरच्या माणसासकट. आणि चंद्रपूरला असा फलक लागलाच तर त्यावर १९४३ चे ते बारगळलेले विधेयक असावे, कारण ठेकेदाराकडच्या हेल्परची मागणी आजही नेमकी तीच आहे.